संगणकाचा धनी कोण?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बस्सी येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस विषय कळविला तो असा : ‘संस्थांमधील माहिती-तंत्रज्ञानाचे नियमन व व्यवस्थापन’. विषयाचे नाव ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी, ‘सभेला कोणी फिरकणार नाही,’ असे भाकीत केले होते. ते आपण खोटे ठरविले, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. आम्ही तंत्रज्ञ नव्हे. इतिहास विषय घेऊन बी. ए. झालो आणि केंद्र सरकारच्या लेखापरीक्षा खात्यात रुजू झालो. तेव्हापासून इतरांच्या नोंदी तपासण्यातच आमचे केस पिकले. संगणकाच्या पोटात काय चालते हे या सभागृहातील शाळकरी मुले आमच्याहून अधिक चांगले सांगतील. परंतु त्या पोटातून जो आकडा बाहेर पडतो त्याला जबाबदार कोण, हा प्रश्न तंत्रज्ञाचा नाही, कारभाराचा आहे; आणि त्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार एखाद्या हिशेबतपासनिसाला असावा, असे आम्हांस वाटते. रिवाजाप्रमाणे हेही सांगून टाकतो की, येथे मांडलेली मते आमची व्यक्तिगत आहेत. सरकारने ती ऐकली तर आनंदच वाटेल. पण ती सरकारची नव्हेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला बस्सीस बोलावल्यावर त्याला तुंग्याचे स्मरण होणारच. येथून फारशा लांब नसलेल्या तुंगा गावाच्या परिसरात जुलै १७८७ मध्ये महादजी शिंदे आणि जयपूर-जोधपूरच्या एकत्रित फौजा समोरासमोर आल्या. लालसोटची लढाई म्हणून आपण जिचे नाव वाचतो ती हीच. प्रत्यक्ष रणांगणावर निर्णायक असे काही झाले नाही. खरा घात त्यानंतरच्या थोड्या दिवसांत झाला. महादजींच्या छावणीत बादशाही चाकरीतल्या कवायती पलटणी होत्या. त्यांचा पगार थकला होता. त्या आपल्या तोफांसह उठल्या आणि प्रतिपक्षाला जाऊन मिळाल्या. महादजींना डीगकडे माघार घ्यावी लागली.

तोफा उत्तम होत्या, गोलंदाजही शिकलेले होते. पण ते हुकूम कोणाचा मानतात, त्यांचे पोट कोण भरतो आणि ते निघून गेले तर आपल्यापाशी उरते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे पक्की नव्हती. यानंतर महादजींनी काय केले, ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी कवायती फौजेचा नाद सोडला नाही. द बॉइन हा सॅव्हॉय प्रांतातला परका गृहस्थ; त्याच्याच हाती त्यांनी नवे कंपू उभारण्याचे काम दिले. मात्र त्या कंपूंच्या खर्चासाठी दुआबातला मुलूख नेमून दिला आणि पगार वेळच्या वेळी होईल अशी तजवीज केली. १७९० मध्ये पाटण आणि मेडता येथे या कंपूंनी काय केले ते आपण जाणताच. यजमान प्रांतात बसून त्याचे अधिक वर्णन करणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. मुद्दा इतकाच की, परके कसब भाड्याने घेण्यात महादजींना कमीपणा वाटला नाही; त्यावरचा ताबा मात्र त्यांनी भाड्याने दिला नाही.

आज कोणत्याही कचेरीत, बँकेत वा नगरपालिकेत जाऊन पाहा. यंत्रणा एका कंपनीने उभारलेली असते, ती चालविणारी मुले दुसऱ्या कंत्राटदाराची असतात, आणि नोंदी तिसऱ्याच शहरातल्या यंत्रांवर साठविलेल्या असतात. कचेरीचे प्रमुख अभिमानाने सांगतात, ‘आमच्याकडे सर्व काही संगणकीकृत आहे.’ त्यांना हळूच विचारावे की, उद्या हा कंत्राटदार उठून गेला तर आपल्या नोंदी आपल्या हाती येतील काय? नोंदीत फेरफार करण्याचा अधिकार कोणाकोणास आहे, त्याची यादी आपल्या टेबलावर आहे काय? बहुधा उत्तर येते : ‘ते आमचा संगणकवाला मुलगा पाहतो.’ हा मुलगा बहुतेक वेळा हुशार असतो, प्रामाणिकही असतो. पण तो कारभारी आहे, धनी नव्हे. कारभाऱ्याने यंत्र चालवावे. ते कशासाठी चालावे, कोणाच्या हुकमाने चालावे आणि चुकले तर कोणी पुढे यावे, हे धन्याने ठरवावे. इंग्रजीत पहिल्या कामाला व्यवस्थापन व दुसऱ्याला नियमन या अर्थाचे शब्द आहेत, आणि २००८ साली या दुसऱ्या कामासाठी आयएसओ ३८५०० या क्रमांकाचे एक आंतरराष्ट्रीय मानकही निघाले. त्याचे सार तीन क्रियापदांत मावते : पारखावे, दिशा द्यावी, देखरेख ठेवावी. हे काम संस्थेच्या सर्वोच्च मंडळाचे आहे, असे ते मानक बजावून सांगते.

यात आपल्याला नवे वाटावे असे थोडेच आहे. पुण्याच्या हुजूर दफ्तरात चाळते दप्तर वेगळे होते आणि एकबेरीज दप्तर वेगळे होते. रोजचा व्यवहार एकाने पाहावा, सर्व हिशेबांची वर्गवारी व एकत्रीकरण दुसऱ्याने करावे, अशी ती वाटणी होती. ज्याने रक्कम लिहिली त्यानेच ती तपासू नये, हे तत्त्व आमच्या खात्याला ब्रिटिशांनी शिकविले असे आम्ही नोकरीच्या आरंभी समजत होतो. नाना फडणिसांच्या कारकुनांना ते शिकविण्याची गरज पडली नसती.

आपल्या देशात संगणक आला तेव्हा वाद झाला तो मुख्यतः नोकऱ्यांचा. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७२ साली स्वयंचलनावर अहवाल दिला. पुढे १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणासंबंधी डॉ. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. किती माणसे रिकामी होतील, हा त्या काळचा सवाल रास्तच होता. पण उत्तरदायी माणूस यंत्रामागे दिसेनासा होईल काय, हा सवाल मागे पडला. त्याची किंमत काय पडते, याचे एक उदाहरण विलायतेतले आहे आणि ते थोडे विस्ताराने सांगणे आम्ही आवश्यक समजतो.

ब्रिटिश पोस्ट खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणकप्रणाली बसविली. ती फुजित्सु कंपनीच्या मालकीच्या संस्थेने तयार केली होती. तेथील छोट्या शाखा चालविणारे उपडाकपाल म्हणजे खेड्यातले, उपनगरातले दुकानदार. आपले दुकान सांभाळून एका कोपऱ्यात टपालाचे काम करणारी माणसे. त्यांत आपल्या गुजराती, पंजाबी बांधवांचीही संख्या मोठी होती. प्रणाली सुरू झाल्यावर अनेकांच्या शाखांत संध्याकाळी हिशेब जुळेना. संगणक सांगे, हजार पौंड कमी आहेत. पेटीत तर पैसे बरोबर असत. करारानुसार तूट भरण्याची जबाबदारी उपडाकपालाची. कोणी घर गहाण टाकले, कोणी नातलगांकडून उसने घेतले. मदतीसाठी दूरध्वनी केला तर, ‘असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे,’ असे उत्तर मिळाल्याचे कित्येकांनी पुढे सांगितले. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. त्यांतील सातशेच्या आसपास खटले खुद्द पोस्ट खात्यानेच चालविले होते. फिर्यादीही तेच, पुरावाही त्यांचाच, आणि त्या पुराव्याचा साक्षीदार एक यंत्र! इंग्लंडच्या कायद्यात तर, उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबर चालत होता असेच गृहीत धरले जाते.

वेल्समधील ॲलन बेट्स नावाच्या एका उपडाकपालाने हार मानली नाही. त्याने आपल्यासारख्या इतरांना शोधून काढले. आणि ‘तुम्ही एकटेच’ हे उत्तर खोटे आहे, हे त्या शोधातूनच उघड झाले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रणालीत दोष होते, आणि कंपनीच्या माणसांना दूर बसून शाखेच्या हिशेबात हात घालता येत होता. २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. तोवर कित्येक जण तुरुंगात जाऊन आले होते, कित्येकांची दिवाळखोरी झाली होती, आणि काहींनी जीवनयात्रा संपविली होती.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणात संगणकाचा दोष सर्वांत लहान. कोणत्याही प्रणालीत चुका असतात. आमच्या हस्तलिखित खतावण्यांतही असत. दोष होता तो वरच्या मंडळींचा, ज्यांनी यंत्राविरुद्धची प्रत्येक तक्रार ही माणसाच्या अप्रामाणिकपणाची खूण मानली. एकाच प्रकारची तूट शेकडो ठिकाणी येते आहे, तर हे सगळे गाव एकदम चोर झाले काय, इतका साधा प्रश्न संचालकांच्या टेबलावर कोणी विचारला असता तरी पुष्कळ अनर्थ टळला असता. बस्सीच्या आसपासच्या एखाद्या ढाणीतला शाखा डाकपाल हातातल्या यंत्रावर म्हातारीला तिचे पैसे देत असतो, तेव्हा आम्हांस या विलायती दुकानदारांची आठवण होते.

आता घरचे उदाहरण घेऊ. पुण्याची कॉसमॉस बँक ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. येथे बसलेल्यांपैकी काहींचे खाते तिच्यात असेल. ऑगस्ट २०१८ मध्ये एका शनिवारी अवघ्या काही तासांत, २८ देशांतील एटीएम यंत्रांतून, तिच्या नावावर सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातील व्यवहार आणि दोन दिवसांनी हाँगकाँगला वळविलेली रक्कम धरून आकडा ९४ कोटींच्या घरात गेला. पैसे देण्यास बँकेची अनुमती विचारणारा संदेश बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचलाच नाही. मधल्यामध्ये बसविलेली तोतया यंत्रणा ‘द्या, द्या’ म्हणत राहिली. सदाशिवरावभाऊंचा तोतया काही वर्षे टिकला, हा काही तासच. पण त्याने पेशवाईतल्या तोतयापेक्षा अधिक द्रव्य नेले असावे. खातेदारांच्या शिलकीला धक्का लागला नाही, हे बँकेच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. आमच्या मनात राहतो तो वार. शनिवार दुपारी कोणत्याही संस्थेत धनी घरी असतो. त्या वेळी यंत्रावर नजर कोणाची, आणि संशय आला तर सर्व काही थांबविण्याचा अधिकार कोणास, हे आधी कागदावर लिहून ठेवावे लागते.

पण चोर बाहेरून येतोच असे नाही, आणि प्रत्येक खोटी नोंद चोराचीच असते असेही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष्मान भारत आरोग्य योजनेवरचा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेत सादर झाला. त्यात असे आढळले होते की, ७,४९,८२० लाभार्थींच्या नावांपुढे एकच दूरध्वनी क्रमांक होता : नऊच्या आकड्याची दहा वेळा पुनरावृत्ती. वृत्तपत्रांनी त्याचा मोठा गवगवा केला. संबंधित प्राधिकरणाने खुलासा केला की, लाभार्थीची ओळख या क्रमांकावरून पटविली जातच नव्हती. तो खुलासा मान्य केला तरी एक प्रश्न उरतोच : मग तो रकाना भरून घेतला कशाला?

आम्ही अनेक वर्षे टेबलाच्या पलीकडच्या बाजूस बसून कारकून पाहिले आहेत. घडते ते असे. समोर रांग लागलेली आहे, खेड्यातून आलेल्या बाईकडे दूरध्वनीच नाही, आणि रकाना रिकामा ठेवला तर यंत्र पुढे सरकत नाही. दिवसाला अमुक नोंदी झाल्याच पाहिजेत, असा वरून तगादा. कारकून काय करील? नऊची कळ दाबून धरील. त्या बाईचे काम झाले, रांग सरकली, तगादा भागला. आणि नोंदवहीत एक असत्य कायमचे जाऊन बसले. या कारकुनाला नोटीस देणे सोपे आहे. आमचे मत विचाराल तर नोटीस द्यायला हवी ती, हा रकाना सक्तीचा करताना ‘ज्याच्याकडे दूरध्वनी नाही त्याचे काय’ असे न विचारणाऱ्या वरिष्ठांना. कागदी फॉर्मवर निदान समासात दोन ओळी खरडता येत. संगणकाला समास नाही.

राजस्थानात २०१६ च्या सुमारास जिवंत माणसे पेन्शनच्या नोंदीत मृत ठरल्याची प्रकरणे उजेडात आली. एखाद्या वृद्धेची पेन्शन थांबते, ती पंचायतीत जाते, पंचायत तालुक्याला पाठविते, तालुका म्हणतो जयपूरला विचारा, आणि जयपूर म्हणते, संगणक तसे दाखवितो. समोर उभी असलेली बाई जिवंत आहे, हे सर्वांना दिसते. पण ते लिहिण्याचा अधिकार आपला, असे म्हणणारा कोणी सापडत नाही. म्हणून आम्ही नोंदी तपासताना एक ठरलेली विचारणा करतो : येथे चूक झाली तर ती दुरुस्त कोण करील, किती दिवसांत करील, आणि केल्याची खूण मागे राहील काय? ज्या यंत्रणेत या तिन्हींची उत्तरे माणसाच्या हुद्द्यासह मिळतात ती यंत्रणा साधी असली तरी आम्ही तिला चांगली म्हणतो.

याच राजस्थानाने या रोगावरचा एक उतारा देशाला दाखविला आहे, हेही कृतज्ञतेने सांगावयास हवे. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई भरविली. रोजगाराच्या कामांची हजेरीपत्रके लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. आणि ज्यांनी कामच केले नव्हते, त्यांना आपल्या नावे मजुरी उचलली गेल्याचे तेथे प्रथम कळले. त्या वाचनाच्या चळवळीतूनच पुढे राज्याचा २००० चा आणि देशाचा २००५ चा माहिती अधिकार कायदा आला. १३ सप्टेंबर २०१९ रोजी राज्य सरकारने ‘जन सूचना पोर्टल’ सुरू केले. आपल्या पंचायतीत कोणाला किती धान्य मिळाले, पेन्शन कोणाची चालू आहे, हे अर्ज न करता पाहता यावे, ही त्यामागची कल्पना. गावचा ई-मित्रवाला ते पडद्यावर दाखवू शकतो. नोंद लिहिणाऱ्याला ‘ही नोंद उद्या शेजारीण वाचणार आहे’ एवढे माहीत असले, तर त्याच्या बोटांत जी सावधगिरी येते ती आमच्या खात्याच्या दहा परिपत्रकांनी येत नाही.

आणि आपल्या महाराष्ट्रात? तेथे तर या प्रथेला आपले जुने नावच आहे : चावडीवाचन. राज्यातले अडीच कोटींच्या आसपास सातबारा उतारे संगणकावर चढविले गेले, तेव्हा हस्तलिखित सातबारा आणि संगणकावरचा सातबारा यांत तफावती निघाल्या. कोठे क्षेत्र चुकले, कोठे वारसाचे नाव गळले, कोठे ‘पांडुरंग’चा ‘पंडुरग’ झाला. २०१७ मध्ये गावोगाव चावडीवर हे उतारे वाचून दाखविण्याची मोहीम झाली, हरकती घेतल्या गेल्या, दुरुस्त्या झाल्या; आणि १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. संगणक बसविण्याची कल्पना कोणालाही सुचते. पण त्यातला मजकूर अंतिम ठरण्याआधी तो गावाला ऐकविला पाहिजे, असे ज्या अधिकाऱ्याला सुचले असेल त्याला आमचा मुजरा.

परंतु बंधुभगिनींनो, येथे आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट आहे. त्या दिवशी चावडीवर आपली नावे वाचली गेली तेव्हा आपण जयपूरला होतो, बस्सीला होतो, नोकरीवर होतो. हरकत घेण्यास आपला भाऊ गेला असेल, नसेलही. वडिलांच्या पश्चात बहिणींची नावे लागली की नाही, हे आपण पाहिले आहे काय? घरी गेल्यावर महाभूमीच्या संकेतस्थळावर आपल्या गटाचा उतारा उघडून पाहा. पाहण्यास पैसे पडत नाहीत, आणि स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो. लेखनप्रमादाने चूक झाली असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ अन्वये तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. भावाभावांतले अर्धे गैरसमज हे चुकीच्या नोंदीतून उगवतात, असा आमचा अनुभव आहे. उरलेले अर्धे बरोबर नोंदीतून उगवतात, त्यास आमच्याकडे उपाय नाही.

शेवटी आपल्या मंडळाविषयी. पन्नास वर्षांपूर्वी सभासदांची यादी एका लांबट वहीत असे, ती चिटणिसांच्या कपाटात असे, आणि बदली झाली की नव्या चिटणिसांच्या हवाली होई. आता यादी एखाद्याच्या दूरध्वनीत असते, निमंत्रणे एखाद्याच्या खात्यावरून जातात, नाट्यप्रयोगांची छायाचित्रे तिसऱ्याच्या घरच्या संगणकात असतात. आपल्यातला प्रत्येक जण बदलीवरचा माणूस. ज्याच्यापाशी परवलीचा शब्द आहे त्याची बदली उद्या गुवाहाटीस झाली, तर मंडळाची अर्धी स्मृती त्याच्याबरोबर गाडीत चढेल. म्हणून कार्यकारिणीला आमच्या काही सूचना आहेत. मंडळाची खाती मंडळाच्या नावावर असावीत. परवलीचे शब्द लाखबंद पाकिटात कोषाध्यक्षांकडे असावेत आणि पदाधिकारी बदलताच ते शब्दही बदलावेत. यादीची एक छापील प्रत दर वर्षी ग्रंथालयात ठेवावी. तीत घरांचे पत्ते मात्र ज्यांची संमती असेल त्यांचेच छापावेत. आणि येत्या वार्षिक सभेत, हिशेबाला मंजुरी देण्याआधी, सभासदांची नावे एकेक करून मोठ्याने वाचावीत. कोणाचे आडनाव चुकले असेल, कोणाचा पत्ता जुना असेल, कोणी आपल्यातून गेले असेल आणि यादीत अजून असेल. ते जागच्या जागी सांगता येईल. सव्वातास लागेल. चहा उशिरा मिळेल, त्याबद्दल महिला शाखेची आम्ही आताच क्षमा मागून ठेवतो.